फुटलेले बांध कोण बुजवणार? गोवा विधानसभेच्या चाळीसही सदस्यांस खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

विधानसभेच्या प्रत्येक अधिवेशनात पूर, आगी, डोंगरकापणी, पाणीटंचाई आणि बेकायदा बांधकामे यांवर प्रश्न विचारले जातात आणि त्या त्या खात्याचे मंत्री त्यांना उत्तरे देतात. या साऱ्या घटना मिळून एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात का, हा प्रश्न मात्र कोणत्याच खात्याच्या अखत्यारीत येत नसल्यामुळे विचारायचा राहून जातो. तो आपल्यापुढे ठेवावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. गोव्याच्या निसर्गाला आणि समाजाला बसणारे धक्के चिंता करण्याजोगे आहेतच. पण माझ्या मते त्याहून गंभीर लक्षण हे आहे की, मोडलेले वेळेवर दुरुस्त करण्याची आपली व्यवस्था, सवय आणि इच्छा नाहीशी होत चालली आहे, आणि जे दुरुस्त होत नाही त्याला पुढे कागदोपत्री मान्यता दिली जात आहे.

मी फोंडा तालुक्यातील, जुवारीकाठच्या एका गावचा. आमची शेती खाजनातली. ज्यांचे मतदारसंघ डोंगराळ भागात आहेत त्यांच्यासाठी खाजनाची रचना जरा सविस्तर सांगतो, कारण माझे सारे म्हणणे तिच्यावर उभे आहे. भरतीच्या वेळी आपल्या नद्यांमधून खारे पाणी कित्येक किलोमीटर आतपर्यंत चढते. त्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असलेली जमीन आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी चिखल, पेंढा, बांबू आणि जांभा दगड वापरून बांध घालून नदीकडून मिळवली. बांधात ठिकठिकाणी मानशी बसवल्या. मानशीचे लाकडी दरवाजे असे बसवलेले असतात की भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की ते आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी रेटू लागले की उघडतात. त्याला वीज लागत नाही की इंजिन लागत नाही. पावसाने जमिनीतले मीठ धुऊन गेले की कोरगुटासारखे खारटपणा सोसणारे भात पेरायचे, कापणीनंतर बेताने खारे पाणी आत घेऊन सुंगटे, शेवटे, काळुंद्रे अशी मासळी धरायची, आणि काही ठिकाणी मीठ पिकवायचे, असे हे चक्र. गोव्यात खाजनाचे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर आहे. भातमासळीखेरीज ते आणखी एक काम करते, ज्याचा हिशेब कोणी ठेवत नाही: डोंगरावरून उतरणारे पावसाचे पाणी भरतीच्या वेळी ते स्वतःत साठवून घेते आणि ओहोटीला सोडून देते. खाजन गेले की हेच पाणी लोकांच्या घरांत शिरते.

ही रचना एका वर्षाच्या हयगयीने कोसळू शकते. खेकडे आणि उंदीर बांध पोखरतात, मानशीचे लाकूड कुजते, उधाणाची भरती कमकुवत जागा बरोबर शोधून काढते. म्हणून बांध बांधणाऱ्यांनी बांधाइतकीच काळजीपूर्वक त्याच्या देखरेखीची व्यवस्थाही बांधली होती. कोमुनिदाद, म्हणजे आपली जुनी गावकरी, पीक येण्याआधीच बांधाच्या दुरुस्तीचा वाटा बाजूला काढत असे. बांधावर नजर ठेवायला पायणी नेमलेला असे आणि भरती-ओहोटीप्रमाणे मानशीकडे लक्ष देणे हे त्याचे काम असे. बांध फुटल्याची हाक आली की ज्याचे शेत त्या बाजूला नाही त्यानेही टोपली-कुदळ घेऊन जायचे, असा रिवाज आमच्या गावातील वडीलधारी माणसे सांगत. पुढची भरती येण्याआधी खिंडार बुजवावेच लागे, कारण प्रत्येक भरतीगणिक ते रुंदावते.

१९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ मध्ये त्यात झालेली पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमीन दिली. तो न्याय होता. आमच्या घराला जमीन मिळाली ती त्याच कायद्याने, आणि कोमुनिदादीच्या जुन्या कारभारातील उच्चनीच मला परत नको आहे. पण जमिनीचा हक्क जितक्या स्पष्टपणे वाटला गेला तितक्या स्पष्टपणे बांधाची जबाबदारी वाटली गेली नाही. ती कूळ संघटनांकडे आली, त्यांच्यावर देखरेख मामलेदाराची आणि दुरुस्तीचा पैसा कृषी खात्याकडे. तिघांनीही एकमेकांकडे पाहावे अशी ही मांडणी झाली. संघटनेला उत्पन्न मिळते ते मानशीच्या पावणीतून, म्हणजे तिथे मासळी धरण्याच्या हक्काच्या लिलावातून. पावणी घेणाऱ्याला मासळी हवी असते, भात नव्हे. त्यामुळे खारे पाणी हवे तेव्हा आणि हवे तितके आत घेतले जाते. शेतकऱ्यांची मुले नोकरीला लागली, पेरा कमी झाला आणि पावणीचे पैसे मिळत राहिले, तशी कित्येक संघटनांनीच शेतीकडे पाठ फिरवली. त्यात नदीतील बेसुमार रेती उपसा आणि खनिजाच्या बार्जींच्या लाटा यांनी बांधांचा पायथा खाल्ला.

आमच्या गावात हे कसे घडले ते सांगतो. एका मानशीच्या दरवाजाची खालची फळी कुजली होती. बोटाने दाबले की लाकडाचा भुगा हाती येई आणि भरतीला फटीतून पाणी आत येताना स्पष्ट दिसे. त्या अवस्थेत एक सुतार, चांगले लाकूड आणि दोन ओहोट्या एवढ्यात काम झाले असते. अर्ज गेला. एका कार्यालयाने तो दुसऱ्याकडे पाठवला, दुसऱ्याने अंदाजपत्रक मागितले, अंदाजपत्रक आले तोवर आर्थिक वर्ष संपले होते आणि मग पावसाळा लागला. दरवाजा गेला आणि त्याच्या बाजूचा बांधही वाहून गेला. पहिल्या उन्हाळ्यात शेतावर मिठाचा पांढरा थर दिसला. पुढच्या वर्षी पेरणी झाली नाही. त्यानंतर खारफुटीची रोपे वर आली. खारफुटी तोडता येत नाही आणि तोडूही नये, पण याचा अर्थ असा की त्या जागी भातशेती परत आणण्याचा मार्ग कायद्यानेही बंद झाला. जो भाग रस्त्याला लागून होता तिथे रात्रीच्या टिपरांनी माती पडू लागली. आता त्या जमिनीचा उल्लेख ‘पडीक’ असा होतो आणि पडीक जमिनीचा विकास करण्यात गैर काय, असे विचारले जाते.

या घटनाक्रमात कोणत्याही दिवशी वर्तमानपत्रात छापण्याजोगे काही घडले नाही, आणि म्हणूनच मी त्याला धोक्याचे लक्षण म्हणतो. समुद्राची जागतिक सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि वाढीचा वेग आता अधिक आहे. खाजनाच्या बांधाला भरतीच्या वर जी थोडी उंची शिल्लक ठेवलेली असते, तिच्या मानाने २० सेंटिमीटर ही किरकोळ बाब नव्हे. बांध उंच करण्याची गरज निर्माण झाली, नेमक्या त्याच काळात आपण आहेत ते बांधही राखणे सोडून दिले.

वस्त्या आणि राजधान्या कशा ओस पडतात हे शिकायला गोमंतकीयांना दूर जावे लागत नाही. कदंबांचे गोपकपट्टण हे पश्चिम किनाऱ्यावरचे नावाजलेले बंदर होते. जुवारीच्या मुखाशी गाळ साचत गेला, व्यापार मांडवीकाठच्या एळा बंदराकडे सरकला, आणि आज थोरल्या गोव्याच्या नदीकाठी त्या राजधानीचे दगड शोधावे लागतात. त्याच एळ्याच्या जागी पोर्तुगीजांनी उभारलेले जुने गोवे शहर शत्रूच्या वेढ्यांतून तगले, पण त्याच्या विहिरींनी त्याचा घात केला. सच्छिद्र जमिनीत मुरणारे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात उतरत होते, पटकी आणि हिवताप यांच्या साथी पुन्हा पुन्हा येत होत्या. व्हिसेरेई, म्हणजे पोर्तुगीज राजप्रतिनिधी, १७५९ मध्ये पणजीत राहायला गेला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. मधल्या काळात लोक आपापली घरे सोडून निघून गेले. पाणी बिघडले आहे हे त्या शहराला अनेक पिढ्या कळत होते आणि ते दुरुस्त झाले नाही.

आज आपली स्थिती काय आहे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तीत गोव्यातील ११ पट्टे होते. एवढ्याशा राज्यात अकरा. सासष्टीची जीवनवाहिनी असलेली साळ नदी त्यांत आहे. किनारपट्टीवर जांभ्याच्या जमिनीत शोषखड्डे खणून हॉटेले उभी राहतात आणि शेजारच्या घरातील विहिरीचे पाणी पिणे बंद होते. मग टँकर येतो, आणि टँकरचे पाणी दुसऱ्या गावच्या विहिरीतून किंवा झरीतून उपसलेले असते.

डोंगर आणि सखल भाग यांचा संबंध तर प्राथमिक शाळेतील मुलालाही सांगता येतो. उतारावरची झाडी आणि माती पाणी धरून ठेवतात, खाजन ते सामावून घेते. आपण उतार कापतो आणि खाजन भरतो, दोन्ही एकाच वेळी. जुलै २०२१ मध्ये सत्तरी आणि डिचोलीत म्हादई आणि तिच्या उपनद्यांचे पाणी घरांत शिरले, मातीची घरे कोसळली. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्य आणि परिसरातील जंगल दिवसेंदिवस पेटत राहिले आणि ते विझवण्यासाठी नौदलाची व हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. म्हादईच्या पाण्यासाठी आपण लवादापुढे आणि न्यायालयापुढे वर्षानुवर्षे झगडत आहोत आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या जंगलातून ती नदी वाहते ते व्याघ्र राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या मुदतीसह दिला, तेव्हा त्याचे पालन करण्याऐवजी सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. एका न्यायालयात नदीसाठी आणि दुसऱ्या प्रकरणात तिच्या जंगलाविरुद्ध, अशी ही भूमिका आहे.

आता त्या भागाकडे येतो जो पूर्णपणे आपल्या सभागृहाच्या हाती आहे. नगर व ग्राम नियोजन कायदा १९७४ चा. त्यात २०१८ मध्ये १६ब, २०२३ मध्ये १७(२) आणि २०२४ मध्ये ३९अ ही कलमे घातली गेली. प्रत्येकाची शब्दरचना वेगळी असली तरी परिणाम एकच: सर्व गोव्याचा एकत्र विचार करून ठरवलेला प्रादेशिक आराखडा एकेका अर्जावर, एकेका सर्व्हे नंबरपुरता बदलता येऊ लागला. १७(२) तर आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका सुधारण्यासाठी होते. भातशेत आणि बागायत हीच ‘चूक’ ठरून त्यांचे रूपांतर होऊ लागले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये त्या कलमाखालचे नियम रद्द केले. ज्या सभागृहाने २०२३ मध्येच शेतजमीन शेतकऱ्याखेरीज इतरांना विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला, त्याच सभागृहाने शेतजमीन शेतजमीनच राहू नये यासाठीची वाटही मोकळी ठेवली. खाजनांबाबत तर केंद्राच्या २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतूद होती: खाजने राखली जातील, त्यांचा व्यवस्थापन आराखडा केला जाईल आणि त्यांत विकासकामांना परवानगी दिली जाणार नाही. इतके स्पष्ट शब्द हाताशी असताना रात्रीचे टिपर कोणाच्या भरवशावर येतात?

६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफडे येथील नाइट क्लबला आग लागली आणि २५ माणसे मेली. त्यांतील बहुतेक तिथे काम करणारी, दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेली माणसे होती. ते बांधकाम मिठागराच्या जागेत होते. ते पाडण्याचा आदेश पंचायतीने आधी दिलेला होता आणि त्या आदेशाला स्थगिती मिळालेली होती. अर्थात, धोका कोणाला दिसलाच नाही असे नाही. तो दिसला, कागदावर आला, त्यावर सही-शिक्का झाला, आणि तिथेच थांबला. त्या २५ जणांचा विचार करताना मला आमच्या मानशीचा अर्ज आठवतो. दोन्हींच्या परिणामांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण मोडलेली जागा एकच आहे: कळणे आणि करणे यांच्यामधली.

खाणींच्या बाबतीत हीच गोष्ट मोठ्या आकड्यांत दिसते. न्यायमूर्ती शाह आयोगाने बेकायदा खाणकामामुळे झालेले नुकसान सुमारे ३५ हजार कोटी रुपये असल्याचा अंदाज मांडला. लीजांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपली होती, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर दिलेली ८८ लीजांची नूतनीकरणे त्याच न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द केली. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकमालक, बार्जवाले, गॅरेजवाले आणि खाणपट्ट्यातले छोटे दुकानदार यांच्यावर जे कोसळले ते त्यांनी एकट्याने सोसले. ज्यांच्या शेतात खाणींचा गाळ आला तेही एकटेच राहिले. न्यायालयाने पुढच्या पिढ्यांसाठी स्थायी निधी उभारायला लावला, ही त्या प्रकरणातील एकच गोष्ट मला आशा देणारी वाटते.

समाजाच्या बाजूने पाहिले तर लक्षणे अधिक अवघड आहेत, कारण ती मोजता येत नाहीत. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावली येथे चार वाघ विषबाधेने मेले. पाळीव जनावर वाघाने मारले, त्यानंतर हे घडले. वाघांच्या मृत्यूचा सर्वांना धक्का बसला आणि बसायलाच हवा होता. पण सरकार भरपाई देईल आणि वेळेत देईल यावर जंगलातल्या माणसाचा भरवसा असता, तर त्याने विषाचा मार्ग धरला असता का, हेही विचारले पाहिजे. भरवसा हाही बांधच आहे आणि तोही पोखरला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार गोव्याचा एकूण प्रजनन दर १.३ आहे, त्यात तरुण पिढी परदेशी जाते, पोर्तुगीज पासपोर्ट काढते, कुलूपबंद घरांची संख्या वाढते. बांध फुटल्याची हाक कोणी मारली तरी ती ऐकायला वाड्यावर माणसे किती उरली असतील?

हे सारे लिहूनही गोवा हातचा गेला असे मी मानत नाही. लोकांनी आंदोलन केले म्हणून २००७ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ रद्द करावा लागला. शेळ-मेळावलीच्या ग्रामस्थांनी, त्यातही तिथल्या बायकांनी, जानेवारी २०२१ मध्ये नियोजित आयआयटी प्रकल्पापासून आपले जंगल आणि बागायती राखल्या. मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, त्यामागे हजारो तरुणांची चिकाटी होती. म्हणजे हाकेला धावणारी माणसे अजून आहेत. त्यांची सारी शक्ती काहीतरी अडवण्यातच खर्च होते, याचे मला अतिशय वाईट वाटते. आमच्या ग्रामसभेत गेल्या काही वर्षांत ज्या विषयांवर तासन्‌तास चर्चा झाली ते सर्व ‘हे येऊ देऊ नका’ या प्रकारचे होते. मानस कोण दुरुस्त करणार, या विषयापर्यंत सभा पोहोचेपर्यंत दुपार टळलेली असते आणि लोक उठून गेलेले असतात. सरकारपासून गाव वाचवण्यातच ज्या गावाचे रविवार जातात, त्याला स्वतःचा बांध बांधायला वेळ कुठून मिळणार?

म्हणून आपल्याकडे काही ठोस मागण्या करतो. गोव्यातील प्रत्येक खाजन बांधाची आणि मानशीची नोंदवही तयार करून ती सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. कुठला बांध कधी फुटला, कळवला कधी आणि बुजवला कधी, या तिन्ही तारखा तीत असाव्यात. मानशीची किरकोळ दुरुस्ती कोणत्याही पूर्वमंजुरीविना करण्याचा अधिकार आणि त्यासाठीचा फिरता निधी पंचायत पातळीवर द्यावा, कारण भरती फाइलीसाठी थांबत नाही. पगारी पायणी पुन्हा नेमावेत. वर्षाचा त्यांचा पगार एका सरकारी सोहळ्याच्या मंडपापेक्षा जास्त होणार नाही. पावणीच्या अटींत भातपिकाला प्राधान्य लिहावे आणि ती अट मोडणाऱ्याची पावणी त्याच हंगामात रद्द व्हावी. १६ब, १७(२) आणि ३९अ यांखाली आजवर झालेला प्रत्येक बदल सर्व्हे नंबरासह एकाच नकाशावर, खाजने, पूररेषा आणि डोंगरउतार यांच्या शेजारी दाखवावा, म्हणजे कोणी काय मंजूर केले ते गावागावातून वाचता येईल. धोकादायक किंवा बेकायदा बांधकामाच्या आदेशाला स्थगिती दिली गेली, तर ती देणाऱ्याचे नाव, कारण आणि मुदत जाहीर व्हावी, आणि मुदत संपताच स्थगितीही संपावी.

यांतली एकही मागणी नवे महामंडळ किंवा नवा प्रकल्प मागत नाही. पहिली मागणी तर आपल्यापैकी कोणीही एका तारांकित प्रश्नाने पुढे नेऊ शकतो: आपल्या मतदारसंघात आज किती बांध फुटलेले आहेत आणि ते कधीपासून फुटलेले आहेत, एवढेच विचारावे. येत्या अधिवेशनात आपण चाळीसही जणांनी हा प्रश्न विचारावा आणि मिळालेली उत्तरे आपापल्या ग्रामसभांत वाचून दाखवावीत, ही विनंती.

आपला नम्र,
फोंडा तालुक्यातील एक खाजन शेतकरी